जन्मतः पापी कोण? : ख्रिस्ती श्रद्धेतील काही अवघड प्रश्न

वर्षावासातील अभ्यासवर्गांच्या निमित्ताने बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत आमचे जाणे झाले. इंदापूर तालुक्यातील एका विहारात वर्ग संपता संपता एक तरुण उपासक उभा राहिला. त्याची आजी, म्हणजे आईची आई, ख्रिस्ती होती. तिचे निधन झाले तेव्हा पाळकांनी कबरीपाशी पुनरुत्थानाचा पाठ वाचला आणि सर्वांनी उभे राहून प्रार्थना करावी असे सांगितले. मामांचे सारे घर उभे राहिले. हा उपासक मात्र तेथून निघून लांब लिंबाच्या झाडाखाली जाऊन थांबला. ज्यावर आपला विश्वास नाही त्याला आपण साक्षी राहिलो नाही, याचे त्याला समाधान होते. परंतु त्या दिवसापासून आई त्याच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हती. आपण वागलो ते योग्य की अयोग्य, एवढेच त्याला विचारायचे होते. वर्गात तत्काळ दोन तट पडले.

आम्ही त्या दिवशी निर्णय दिला नाही. कारण उघड होते. ज्या श्रद्धेपासून तो दूर जाऊन उभा राहिला ती श्रद्धा नेमके काय सांगते, हे त्याला पुरते ठाऊक नव्हते, आणि त्याची बाजू घेणाऱ्यांनाही नव्हते. ख्रिस्ती मताविषयी आपल्यात जे आक्षेप ऐकू येतात त्यांतील बरेचसे उसने आहेत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, ते वेदोक्त धर्माच्या रक्षणासाठी. त्या वादातील हत्यारे उचलून आपण लढू लागलो तर कोणाचा किल्ला राखतो आहोत याचे भान सुटेल. आपले प्रश्न तथागतांच्या आणि बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या विचारांतून निघाले पाहिजेत आणि ते खऱ्या प्रतिपक्षाला विचारले गेले पाहिजेत.

हा खरा प्रतिपक्ष कोण, ते बारामतीच्याच उदाहरणावरून पाहू. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाचे मिशन बारामतीस आले. पंथाचे मूळ एकोणिसाव्या शतकारंभीच्या अमेरिकेत, बार्टन स्टोन आणि थॉमस व अलेक्झांडर कँपबेल या पितापुत्रांच्या चळवळीत आहे. माणसांनी रचलेली श्रद्धासूत्रे बंधनकारक मानू नयेत, बायबलच प्रमाण मानावे, दर रविवारी प्रभुभोजन घ्यावे, आणि बाप्तिस्मा समजत्या वयाच्या, स्वतः विश्वास ठेवणाऱ्या व्यक्तीलाच, तोही पाण्यात पूर्ण बुडवून द्यावा, ही या पंथाची ठळक मते होत. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देणे त्यास मान्य नाही.

ही शेवटची गोष्ट वरवर विधीची वाटते; पण तिच्यात एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. आपले कार्यकर्ते पुष्कळदा विचारतात की, आज जन्मलेल्या बाळाने असे कोणते पाप केले म्हणून त्याला पापी म्हणावे? प्रश्न रास्त आहे. परंतु तो सर्व ख्रिस्ती लोकांना सारखा लागू पडत नाही. आदामाने केलेल्या आज्ञाभंगाचा दोष वंशपरंपरेने प्रत्येक मानवाकडे येतो, हे मत प्रामुख्याने उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीन (३५४–४३०) याने मांडले. त्याच्याच काळात पेलॅजियस याने त्याला विरोध केला, आणि ४१८ च्या कार्थेज येथील परिषदेने पेलॅजियसचे मत त्याज्य ठरविले. पश्चिम युरोपातील चर्चने ऑगस्टीनचा मार्ग धरला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने वारशाने येणारा दोष त्या अर्थाने कधी स्वीकारला नाही. कँपबेल यांच्या परंपरेचे म्हणणे असे की, मरणाधीनता आणि दुर्बलता आपल्याकडे वारशाने येते, अपराध येत नाही. अपराध ज्याचा त्याचाच. म्हणजे बारामतीच्या मंडळीला आपण हा प्रश्न विचारला तर त्यांचे पाळक हसून म्हणतील की आम्हीही तेच म्हणतो. पुढे १९७० साली नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेव्हा बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना मान्यता द्यावी लागली, इतका हा मतभेद खोल आहे.

मात्र येथेच थांबलो तर आपण सुटलो, आणि तेही सुटले. बारामतीच्या इतिहासात त्यापुढचा प्रश्न पडलेला आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची पकड मुंबई इलाख्यावरही बसली. अमुक जमातीत जन्मला म्हणून माणूस संशयित; त्याने हजेरी द्यावी, नेमून दिलेल्या वसाहतीत राहावे; त्याच्या मुलांना त्याच्यापासून वेगळे ठेवण्याचीही तरतूद त्या कायद्यात होती. या वसाहतींपैकी काहींचा कारभार सरकारने मिशनांकडे सोपविला. बारामतीच्या मिशननेही गुन्हेगार ठरविलेल्या जमातींमध्ये काम केले आणि त्यांच्या वसाहतीची व्यवस्था पाहिली. शाळा काढल्या, औषधोपचार केले, हाताला काम दिले. तेथे शिकून माणसे उभी राहिली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तरीही विसंगती पाहा. मंडळीचा सिद्धांत सांगतो की तान्हे मूल निष्पाप आहे. तीच मंडळी ज्या कायद्याखाली वसाहत चालविते तो कायदा सांगतो की ते मूल जन्मतः संशयित आहे. भक्तिमंदिरात एक, वसाहतीच्या फाटकावर दुसरे. चोरी करणाऱ्याचे पाप उपदेशकाला दिसत होते. पण सबंध जमातीलाच चोर ठरविणाऱ्या कायद्याचे पाप मोजण्याचे माप त्याच्या धर्मशास्त्रात नव्हते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला तो स्वतंत्र भारताच्या शासनाकडून, कोणत्याही मंडळीच्या ठरावाने नव्हे. मिशनरी मनाने वाईट होते असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. सज्जन माणसांनाही हे दिसू नये, असे त्यांच्या सिद्धांतात काय होते, एवढेच आम्ही विचारतो.

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी आहे. धर्मांतरित ख्रिस्ती बांधवांच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेले निबंध महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध केले. मिशनांनी शिक्षण व आरोग्य या क्षेत्रांत केलेल्या कार्याची ते मोकळेपणी नोंद घेतात. पण पुढे ते विचारतात की, अस्पृश्याला त्याच्या दुर्दशेचे कारण म्हणून त्याचे स्वतःचे पाप दाखविले, तर ज्या समाजरचनेने त्याला खाली ढकलले तिच्याविरुद्ध तो उभा कसा राहील? पापाची कबुली देऊन आत शांत झालेला माणूस बाहेरच्या अन्यायापुढेही शांत राहतो, हे त्यांचे निदान होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन वेधले आहे हे त्यांनी सांगितले, आणि दक्षिणेकडील चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातिभेदाबद्दल श्रोत्यांना तोंडावर जाबही विचारला. येवल्याच्या घोषणेला तेव्हा अडीच वर्षेही झाली नव्हती. आदर आणि आक्षेप एकाच भाषणात ठेवण्याची ही रीत आपल्या वक्त्यांनी अभ्यासावी.

दुःखाच्या कारणाचा प्रश्न या तालुक्यांत पुस्तकी नाही. इंदापूर आणि बारामतीचा जिराईत पट्टा पर्जन्यछायेतील आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. त्यापूर्वीच्या, १९६० च्या दशकातील अवर्षणात, 'कासा' या चर्चच्या मदतसंस्थेकडून आलेल्या धान्याच्या मोबदल्यात श्रमदान होऊन बारामती परिसरात पाझर तलाव खोदले गेले. त्या तलावांवर कोणी जात वा धर्म पाहून माती टाकली नाही. पण पाऊस का पडला नाही याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरी वेगळे दिले असणार. सर्वशक्तिमान आणि सर्वांवर प्रेम करणारा ईश्वर असेल तर विहिरी कोरड्या का, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रापुढील सर्वांत जुना आणि सर्वांत जड प्रश्न आहे.

आणि तो ख्रिस्ती लोकांनी टाळलेला नाही. जुन्या करारातील ईयोबाचा सबंध ग्रंथ याच प्रश्नावर उभा आहे. नीतिमान ईयोबावर आपत्ती कोसळते. त्याचे मित्र म्हणतात, तू पाप केले असशील. ग्रंथाच्या शेवटी चूक ठरतात ते मित्र. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्य विचारतात की पाप याने केले की याच्या आईवडिलांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. लूकाच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक पापी होती हे तो मान्य करीत नाही. दुःखिताला दोषी ठरविण्याची घाई येशूला नव्हती, हे आपण खुल्या मनाने मान्य केले पाहिजे.

आमची अडचण त्यापुढे सुरू होते. त्या जन्मांधाच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावे म्हणून तो अंध आहे, असे योहानाच्या कथेत पुढे येते. त्याने काळोखात काढलेली वर्षे मग कोणाच्या हिशेबी धरावयाची? अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तथागतांनी तीन मते तपासली आहेत : सुखदुःख सर्वथा पूर्वकृतामुळे, सर्वथा ईश्वराच्या निर्मितीमुळे, किंवा अकारण. दुसऱ्या मतावर त्यांचा आक्षेप असा की, सारे ईश्वरनिर्मित असेल तर हत्या करणाराही ईश्वरनिर्मितीमुळेच हत्या करील. मग हे करावे, हे करू नये, यासाठी ना इच्छा उरते ना प्रयत्न. ख्रिस्ती विचारवंत यावर मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेचे उत्तर देतात, आणि हत्येच्या बाबतीत त्या उत्तरात काही बळ आहे. अवर्षणाच्या बाबतीत मात्र ते आम्हांस लंगडे वाटते. ढगांना इच्छास्वातंत्र्य दिल्याचे कोठे वाचलेले नाही.

परंतु त्या सुत्तातील पहिले मतही तथागतांनी नाकारले आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक विचारतो, तेव्हा वेदनेची आठ कारणे सांगितली जातात. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतूतील बदल, विषम वर्तन, बाह्य आघात, आणि आठवे कर्मविपाक. आठांतील एक. आणि आपल्या विहारात काय ऐकू येते? अपंग मूल जन्मले की कोणीतरी हळूच मागल्या जन्माची गोष्ट काढतो. ईयोबाचे मित्र आपल्या वस्तीतही राहतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी प्रथम आपल्याच परंपरेला चार अवघड प्रश्न विचारले. आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा त्यांतलाच एक. दुसऱ्याच्या घरी प्रश्न घेऊन जाण्यापूर्वी त्यांनी ते स्वतःच्या घरात विचारले होते.

अवघड प्रश्न बाहेरच्यांनीच विचारले असेही नाही. बारामतीला लागूनच असलेल्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तेथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रे मराठी वाचकाने अवश्य पाहावीत. ती १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आहेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्रैक्य बायबलात मला दाखवा, बिशपच्या अधिकाराने मला पटवू नका, असा त्यांचा हट्ट होता. त्रैक्याची सूत्रबद्ध मांडणी ३२५ च्या नायसिया आणि ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदांतून झाली, हे पाहता रमाबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. पुढे त्या प्रखर श्रद्धेच्या ख्रिस्ती झाल्या. पण ज्यांना आम्ही त्या काळातील महाराष्ट्राच्या थोर विदुषींत गणतो, त्यांनी बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न विचारण्याचा हक्क सोडला नाही. त्या ख्रिस्ती झाल्यावर सनातनी मंडळींनी केलेल्या गहजबास जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये उत्तर दिले, हेही येथे आठवते.

त्रैक्याच्या गणितात आपण अडकण्याचे कारण नाही. एक आणि तीन यांवर विनोद करणे सोपे आहे, आणि निरुपयोगी. आपल्याशी खरा संबंध येतो तो देहधारणाच्या सिद्धांताचा. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत येशूचे नाव कोठेही नाही. पण देवाने अवतार घेतला हे न मानण्याची चौथी प्रतिज्ञा आहे. ख्रिस्ती विद्वान म्हणतात की आमचे देहधारण म्हणजे अवतार नव्हे. अवतार पुनःपुन्हा होतात, देहधारण इतिहासात एकदाच. फरक खरा आहे. तरी ईश्वरच मानत नसलेल्या माणसाला तो एकदा आला की दहादा, याने काय होते? बाबासाहेबांनी येथे वेगळाच धागा धरला. १९५० साली 'महाबोधी'तील लेखात त्यांनी दाखविले की, येशूने स्वतःला ईश्वराचा पुत्र म्हटले, तर बुद्धांनी स्वतःसाठी मार्गदात्याहून मोठे स्थान मागितले नाही. मोक्षदाता होण्याचे त्यांनी नाकारले. प्रश्न येशूच्या थोरवीचा नव्हे. मार्ग सांगणाऱ्याच्या व्यक्तित्वावर श्रद्धा ठेवल्याशिवाय मार्ग खुला होत नसेल, तर तो मार्ग सर्वांचा कसा, हा आहे.

त्यालाच जोडून कृपेचा प्रश्न येतो. एकाने वधस्तंभावर प्राण दिले म्हणून दुसऱ्याचे पाप कसे फिटते? अकराव्या शतकातील अँसेल्म याने त्याचे उत्तर देवाच्या मानभंगाची भरपाई या भाषेत दिले; त्याच्यानंतरच्या ॲबेलार्डला वाटले की ते मरण पाहून माणसाचे मन पालटते, तेच तारण. दुसरे उत्तर आम्हांस समजू शकते. पहिले ऐकताना मात्र सरंजामदाराचा दरबार डोळ्यांपुढे उभा राहतो. शुद्धी आणि अशुद्धी ज्याची त्याच्या हाती, ही आपली शिकवण. पण बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे परीक्षेचा निकाल चांगला लागावा म्हणून हात जोडणारे आपल्यात किती, याची मोजदाद न केलेली बरी.

आता त्या उपासकाकडे वळू. त्याला आम्ही मज्झिम निकायातील उपालीची गोष्ट सांगितली. उपाली हा निगंठांचा श्रीमंत उपासक. तथागतांशी वाद करण्यास आला आणि त्यांचे म्हणणे पटून शरण जाऊ लागला. तथागत म्हणाले, नीट विचार कर. आणि तुझ्या घरातून निगंठांना आजवर भिक्षा मिळत आली आहे, ती बंद करू नकोस. मत सोडणे आणि दार बंद करणे या दोन गोष्टी तथागतांनी अशा वेगळ्या ठेवल्या. उभे राहणे ही प्रार्थना नव्हे. ओठांनी न म्हणता मृताच्या मानासाठी आणि जिवंत आईच्या दुःखासाठी उभे राहता आले असते. तो म्हणाला, मग मी खोटे बोललो असे झाले नसते का? आम्ही म्हणालो, ज्यांना कळवावयाचे त्यांना तुझे मत आधीच माहीत होते.

मामांच्या घराला दुसरी एक खोटेपणाची सक्ती आहे, तिच्याकडेही आम्ही त्याचे लक्ष वेधले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू असण्याशी बांधला. शिखांसाठी ती अट १९५६ साली सुटली, बौद्धांसाठी १९९० साली. ख्रिस्ती झालेल्या दलितांना ती सवलत मिळालेली नाही. या प्रश्नाच्या विचारासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दरम्यान, रविवारी एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशा अवस्थेत माणसे जगली. माणसांपुढे आपला विश्वास कबूल करावा असे त्यांचा धर्म सांगतो, आणि कबूल केले तर मुलाचा प्रवेश जातो. ही कोंडी श्रद्धेची नव्हे, जातीची आहे; ती आपणही चौतीस वर्षे भोगली आहे. एका वाडीतील दोन चुलत घरांपैकी एकाला दाखला आणि दुसऱ्याला नकार मिळतो, तेव्हा बौद्ध घराने गप्प बसणे आम्हांस पटत नाही.

पुढील वर्गाला तो तरुण मामांनाच घेऊन आला. ते मागे चटईवर बसून सारे ऐकत होते. शेवटी त्यांनी परवानगी मागून विचारले की, आमची आई आम्हांला पुन्हा भेटेल अशी आमची आशा आहे; तुम्ही म्हणता आत्मा नाही, तर पुण्यतिथीला तुम्ही फुले वाहता ती कोणाला? प्रश्न सरळ मनाने विचारलेला होता. वर्गातील कोणाला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही, आणि चटकन दिलेले उत्तर आम्हांसही नको होते. पुढील पौर्णिमेच्या वर्गाचा विषय म्हणून तो फळ्यावर लिहून ठेवला, आणि मामांनी येण्याचे कबूल केले आहे.